पृष्ठसंलग्न सूक्ष्मशैवाल संवर्धन

सूक्ष्मशैवलांना पाण्यात तरंगत न ठेवता घन पृष्ठभागावर थराच्या रूपात वाढवण्याची पद्धत. हा थर खरवडून त्यापासून बायोडीझेल, बायोगॅस किंवा जैवतेल मिळवतात. ओल्या दगडावर पाय घसरवणारा बुळबुळीत थर मुद्दाम पोसायचा, असे हे तंत्र आहे.

या पद्धतीकडे संशोधक वळले ते पाण्याला कंटाळून. उथळ, वाहत्या तलावात एक लिटर पाण्यामागे कोरडे शैवाल जेमतेम अर्धा ते एक ग्रॅम भरते. म्हणजे एक किलोसाठी हजार-दोन हजार लिटर पाणी बाजूला काढायचे. पेशी काही मायक्रोमीटर आकाराच्या आणि घनतेने पाण्याच्या जवळपास, त्यामुळे त्या लवकर तळाशी बसत नाहीत आणि गाळण्या तुंबवतात. अपकेंद्रणाने, म्हणजे पाणी यंत्रात वेगाने गरगर फिरवून, त्या वेगळ्या होतात खऱ्या, पण इंधन मिळवण्यासाठी आधी बरीच ऊर्जा खर्च होते. खरवडलेल्या थरात मात्र घन भाग साधारण 10 ते 20 टक्के असतो. त्याच एक किलोमागे पाणी उरते चार ते नऊ लिटर.

पेशी चिकटतात त्या स्वतःच्या आणि सोबतच्या जिवाणूंच्या स्रावांमुळे. त्यांत बहुशर्करा आणि प्रथिने असतात. खडबडीत पृष्ठभाग त्यांना मानवतो. सुती कापडाच्या धाग्यांत त्या चांगल्या रुजतात, पण सूत कुजते. खरवडल्यावर मागे राहिलेल्या पेशींतून नवा थर उगवतो, त्यामुळे दर वेळी नवे विरजण लावावे लागत नाही.

1980च्या दशकात स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी उतरत्या जाळीवरून लाटांसारखे पाणी सोडून शैवाल वाढवण्याची रचना विकसित केली. तिचा हेतू पाणी शुद्ध करणे हा होता आणि तिच्यावर बहुतांशी तंतुमय शैवाल वाढे. पुढे आयोवा राज्य विद्यापीठात कापडी पट्टा उभा फिरवण्याची युक्ती निघाली: पट्टा खाली पोषक द्रावात बुडतो आणि वर हवेत, उजेडात येतो. जर्मनीतील कोलोन विद्यापीठाची द्विस्तरीय रचना वेगळी आहे. तिथे द्राव मागच्या थरातून झिरपतो आणि पेशी पुढच्या सच्छिद्र पडद्यावर बसतात.

थर जाड झाला की अडचणी सुरू होतात. वरच्या पेशी खालच्यांचा उजेड अडवतात, कार्बन डायऑक्साइड आतवर पोहोचत नाही, तळ मरतो आणि अख्खा पापुद्रा सुटून येतो. उशिरा खरवडले तर असे नुकसान, फार लवकर खरवडले तर हाती थोडेच लागते.

उत्पादनाचे आकडे दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये दिले जातात, पण मीटर कोणता हे पाहावे. उभ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजू पिकतात. त्याने व्यापलेल्या जमिनीच्या हिशेबाने आकडा कितीतरी फुगतो.

तेलाचा प्रश्न याहून अवघड आहे. बायोडीझेल होते ते पेशींतल्या मेदापासून. नायट्रोजनचा पुरवठा तोडला की पेशी मेद साठवतात, पण वाढ मंदावते. सांडपाण्यावर पोसलेल्या मिश्र थरात नायट्रोजन मुबलक, म्हणून मेद कमी. शिवाय डायाटमांच्या, म्हणजे सिलिकाचे कवच असलेल्या सूक्ष्मशैवलांच्या, सिलिकामुळे राख जास्त. अशा मालापासून बायोडीझेल करणे फारसे परवडत नाही. तो न वाळवता, सुमारे 300 ते 350 अंश सेल्सिअस तापमानाला आणि प्रचंड दाबाखाली शिजवला, तर मेदाबरोबर प्रथिने व कर्बोदकेही जैवतेलात उतरतात. या द्रवीकरणाला लागणारा लगदा खरवडणीतून जवळजवळ तयारच मिळतो. तरी कापड, जाळी आणि सांगाड्याचा खर्च निव्वळ इंधनावर निघणे कठीण. सांडपाण्यातील नायट्रोजन-फॉस्फरस काढण्याचे मोल धरले, तरच गणित थोडे जुळू लागते.