राव्हेलच्या वाद्यवृंदरचना : ध्वनिमुद्रणे व रसग्रहण

फ्रेंच संगीतरचनाकार मोरिस राव्हेल (७ मार्च १८७५–२८ डिसेंबर १९३७) याच्या वाद्यवृंदरचनांची ध्वनिमुद्रणे आणि ती ऐकण्याची दृष्टी एवढ्यापुरतीच ही नोंद मर्यादित आहे. मायक्रोफोन वापरून केलेले विद्युत् ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास रूढ झाले, तेव्हा राव्हेल पन्नाशीचा होता व त्याच्या काही महत्त्वाच्या रचना अजून व्हायच्या होत्या. त्याचा समकालीन फ्रेंच रचनाकार देब्यूसी १९१८ मध्येच वारल्यामुळे त्याच्या वाद्यवृंदरचनांना जो लाभ मिळाला नाही तो राव्हेलला मिळाला : मुद्रण चालू असताना रचनाकार स्वतः खोलीत हजर होता. हा पुरावा वाटतो तितका सरळ मात्र नाही.

बोलेरो : ही रचना नर्तिका इदा रुबिन्स्टाइन हिच्यासाठी झाली व २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिस ऑपेरात प्रथम सादर झाली. तिची पहिली दोन मुद्रणे १९३० च्या जानेवारीत, थोड्या दिवसांच्या अंतराने पॅरिसमध्येच झाली. एक संचालक प्येरो कोप्पोला याने ग्रामोफोन कंपनीसाठी केले. दुसरे राव्हेलने स्वतः लामूरो वाद्यवृंदाचे संचालन करून पॉलिडोरसाठी केले. यांतले आधीचे कोणते, याविषयी ध्वनिमुद्रणांच्या सूची करणाऱ्यांत एकमत नाही. ८, ९ आणि १३ जानेवारी या तारखा निरनिराळ्या संदर्भांत आढळतात व त्यांची जोडणी जशी करावी तसा क्रम बदलतो. कोप्पोलाला अग्रमान देण्याकडे बहुतेकांचा कल आहे आणि तो ग्राह्य धरण्यास हरकत नाही. रसिकाच्या दृष्टीने तारखेपेक्षा कोप्पोलाने सांगितलेली हकिगत अधिक मोलाची आहे. त्याच्या भूमध्यसागरी स्वभावामुळे लय पळेल अशी राव्हेलला धास्ती होती, म्हणून साल प्लेयेल या सभागृहात तो कोप्पोलाच्या शेजारीच बसला. शेवटच्या भागात कोप्पोलाच्याही नकळत लय किंचित चढली. तोच राव्हेलने उठून त्याचा कोट ओढला, ‘इतके जलद नको’ म्हटले आणि मुद्रण पुन्हा करावे लागले.

लयीचा प्रश्न : राव्हेलच्या स्वतःच्या प्रतीत ७६ हा छापील मेट्रोनोम-अंक (मिनिटाला किती मात्रा, हे दाखविणारा) खोडून ६६ केलेला आहे, पुढील आवृत्त्यांत ७२ आढळतो. रचना ३४० मापांची (माप म्हणजे आवर्तनासारखा समान विभाग), प्रत्येक मापात तीन मात्रा, म्हणजे एकूण १,०२० मात्रा. त्यावरून ७६ च्या लयीत सु. साडेतेरा मिनिटे, ७२ ला चौदा मिनिटांहून थोडा अधिक आणि ६६ ला सु. साडेपंधरा मिनिटे लागतात. डेली टेलिग्राफ या लंडनच्या दैनिकाच्या १९३१ मधील मुलाखतीत मात्र राव्हेलने १७ मिनिटे हा काळ सांगितला. हिशेब केला तर ती मिनिटाला बरोबर ६० मात्रांची लय ठरते. त्याचे स्वतःचे मुद्रण १५ मिनिटे ५० सेकंदांचे आहे : आरंभी ६६ च्या आसपास आणि पुढे किंचित मंदावणारे. कोप्पोलाचे त्याहून फक्त दहा सेकंद आधी आटोपते. म्हणजे रचनाकाराच्या नावावर एकापेक्षा अधिक लयी मांडता येतात. त्यांतली ६६ ची लय हस्ताक्षर आणि तबकडी या दोन्हींच्या साक्षीने टिकते, तर १७ मिनिटांचा आकडा तोंडी व ढोबळ असावा.

इटालियन संचालक आर्तूरो तोस्कानीनी याने ४ मे १९३० रोजी न्यूयॉर्क फिलहार्मनिकसह पॅरिस ऑपेरात बोलेरो बऱ्याच जलद लयीत सादर केले, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट होऊनही राव्हेल अभिवादनासाठी उठला नाही. रंगमंचामागे दोघांत झालेल्या संवादाचे निदान दोन पाठ आहेत. एकानुसार ‘फार जलद’ या तक्रारीवर ‘रचना वाचवायचा तोच एक मार्ग’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्यानुसार राव्हेलने शेवटी ‘मग वाजवू नका’ असे सुनावले. लयीवरून खटका उडाला, एवढे दोन्हींतून निश्चित होते. पुढील मुद्रणांतही हे अंतर बुजले नाही. संचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्कीचे १९४० चे मुद्रण १२ मिनिटांच्या आसपास आटोपते, तर राव्हेलचा सहकारी पेद्रो दे फ्रेइतास ब्रांको याचे १८ मिनिटांच्याही पुढे जाते.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला ही रचना एका अंगाने ओळखीची आणि दुसऱ्या अंगाने चमत्कारिक वाटते. स्नेअर ड्रमचा दोन मापांचा, २४ आघातांचा ठेका अखेरपर्यंत अढळ राहतो. ख्यालात लय चढत जाते. येथे ती चढणे हाच दोष. तबल्याच्या एकलवादनात लेहरा स्थिर असतो आणि तबला फुलतो, पण येथे ठेका व धून दोन्ही स्थिर, फुलतो तो फक्त नादाचा रंग. म्हणून एखादे मुद्रण पारखताना आधी ड्रमवर कान ठेवावा, मग धून कोणाकडे जाते ते पाहावे. बासरीने आरंभ होतो. मग क्लॅरिनेट, तारसप्तकातला बसून (एरवी खर्जातले फुंकवाद्य), पुढे सॅक्सोफोन. हॉर्न धून वाजवत असताना दोन पिकोलो (लहान, उंच स्वराच्या बासऱ्या) तीच धून निराळ्या स्वरांवरून धरतात व सेलेस्टाही (घंटीसारख्या नादाचे पट्ट्यांचे वाद्य) सोबत असते, ती जागा कसोटीची. तेथे पिकोलो वेगळे ऐकू आले तर वाजवणे बेसूर भासते. ते हॉर्नमध्ये विरघळले तर ऑर्गनसारखे एकच नवे वाद्य ऐकल्याचा भास होतो.

मुद्रणतंत्राच्या मर्यादा : ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू चारेक मिनिटांची, त्यामुळे बोलेरो चार बाजूंत विभागावे लागे. आरंभीचा मंद ड्रम तबकडीच्या खरखरीखाली बुडू नये आणि शेवटचा कल्लोळ फाटू नये म्हणून आवाजाची दोन्ही टोके आत ओढली जात. त्यामुळे जुन्या तबकड्यांत वाढ आवाजाच्या मोठेपणात शोधू नये, नादाच्या दाटपणात शोधावी. दीर्घवादन (एलपी) तबकडीने सलगता दिली, पण नवी अडचण आणली. तिच्या बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सु. ५० सेंमी. वेगाने सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २० सेंमी.; साहजिकच आतल्या खाचांत विकृती वाढते. बोलेरोचा सर्वांत मोठा आवाज नेमका तेथेच येतो. तासेत या जर्मन कंपनीने यावर आतून बाहेर वाजणारी तबकडी काढली आणि तिचे नाव ‘ओरेलोब’, म्हणजे बोलेरोची अक्षरे उलट्या क्रमाने, असे ठेवले. गंमत वाटली तरी युक्ती शास्त्रशुद्ध आहे.

जी मेजरमधील पियानो कंचेर्तो : मार्गरीत लाँ हिने १४ जानेवारी १९३२ रोजी राव्हेलच्या संचालनाखाली हा प्रथम वाजविला व त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुद्रित केला. तबकडीवर संचालक म्हणून राव्हेलचे नाव छापले होते आणि अनेक जुन्या सूचींनी ते तसेच उतरवून घेतले. प्रत्यक्षात संचालन वर उल्लेखिलेल्या फ्रेइतास ब्रांकोने केले आणि राव्हेल देखरेखीला होता, हे आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. ‘रचनाकाराचे अधिकृत मुद्रण’ या शब्दांवर किती भार टाकावा, हे यावरून ठरवता येते. नंतरच्या मुद्रणांत आर्तूरो बेनेदेत्ती मिकेलांजेली याचे १९५७ चे मुद्रण (फिलहार्मोनिया वाद्यवृंद, संचालक एत्तोरे ग्राचिस) संथ मधल्या भागासाठी अद्याप अद्वितीय समजले जाते.

फ्रेंच नाद : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रेंच वाद्यवृंदांचा नाद जर्मन वा अमेरिकी वाद्यवृंदांहून निराळा होता. फ्रेंच बसूनची नळी व चाव्यांची रचना वेगळी. त्याचा आवाज काहीसा सानुनासिक व सॅक्सोफोनकडे झुकणारा. हॉर्न अरुंद नळीचा, आणि वादक त्यावर उघडपणे स्वरकंप देत. आंद्रे क्लुइतेन्सने पॅरिस कॉन्झर्व्हातोरच्या वाद्यवृंदासह १९६०–७० या दशकाच्या आरंभी केलेल्या मुद्रणमालिकेत हा नाद शेवटचा एवढ्या विस्ताराने सापडतो. त्यातील राव्हेलच्या पाव्हान या रचनेच्या आरंभीचा हॉर्न ऐकावा : स्वर लागताच हलका थरथरतो, जणू कोणी ओठ मिटून गुणगुणत आहे. नव्या श्रोत्यांना तो कधी कधी सदोष वाटतो. तो दोष नव्हे, शैली आहे. हा वाद्यवृंद १९६७ मध्ये विसर्जित होऊन त्याजागी ऑर्केस्त्र द पारी स्थापन झाला. झाँ मार्तिनोंने त्याच्यासह १९७० नंतर केलेली मालिका उत्तम आहे, पण नाद तो राहिला नव्हता. अलीकडे फ्रान्स्वा-झाव्हिए रोथ याच्या संचालनाखाली ले स्येक्ल या वाद्यवृंदाने जुन्या फ्रेंच वाद्यांवर दाफ्नी ए क्लोए मुद्रित केले. त्यात वाद्ये परतली आहेत, वाजवण्याची सवय मात्र शिकून घेतलेली वाटते.

दाफ्नी ए क्लोए : ८ जून १९१२ रोजी या नृत्यनाट्याच्या पहिल्या प्रयोगाचे संचालन करणाऱ्या प्येर माँतो यानेच १९५९ मध्ये लंडन सिंफनी वाद्यवृंदासह ते डेका कंपनीसाठी संपूर्ण मुद्रित केले. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी केलेले हे मुद्रण कोठेही जड होत नाही. मुद्रण निवडताना शब्दविरहित गायकवृंद आहे की नाही हे पाहावे, कारण दुसऱ्या स्वीटच्या (नृत्यनाट्यातून निवडलेल्या भागांच्या मालिकेच्या) अनेक तबकड्यांत तो गाळलेला असतो. लंडनच्या १९१४ मधील प्रयोगात नृत्यमंडळीचा चालक दिआगिलेव्ह याने तो वगळला तेव्हा राव्हेलने तेथील वृत्तपत्रात जाहीर निषेध नोंदविला होता. शार्ल म्युन्शचे बॉस्टनचे (१९५५) आणि शार्ल द्युत्वाचे माँट्रियलचे (१९८०) मुद्रण यांत पहाटेचा प्रवेश दोन टोकांचा आहे : पहिल्यात सूर्य जणू उसळून वर येतो, दुसऱ्यात धुक्यातून उलगडतो.

इतर रचना : मुसोर्गस्कीच्या पिक्चर्स अ‍ॅट ॲन एक्झिबिशन या पियानोरचनेचे वाद्यवृंदरूप राव्हेलने संचालक सर्गे कुसेव्हित्स्कीच्या सांगण्यावरून १९२२ मध्ये केले व कुसेव्हित्स्कीनेच ते १९३० मध्ये बॉस्टनला मुद्रित केले. राव्हेलच्या ल व्हाल्स या रचनेसाठी प्येर बूलेझची नितळ मांडणी आणि म्युन्शची बेफाम मांडणी शेजारी ठेवून ऐकणे उद्बोधक ठरते. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांचेही या रचनेचे लॉस एंजेलिस फिलहार्मनिकसह केलेले मुद्रण उपलब्ध आहे. मा मेर ल्वा ही रचना संपूर्ण नृत्यनाट्याच्या रूपात आणि लहान स्वीटच्या रूपात मिळते. तबकडी घेताना तेवढे तपासून घ्यावे.