पाच मिनिटांचं चार्जिंग आणि खानदेशचं ऊन

चीनच्या बीवायडी कंपनीने मार्च २०२५ मध्ये विजेवरच्या गाड्यांसाठी १ मेगावॉटचा चार्जर दाखवला: पाच मिनिटांत ४०० किलोमीटरची बेगमी. हा आकडा तिथल्या सौम्य चाचणीतला आहे. एसी लावून जळगावहून निघालात तर बराच कमी धरा.

मग इतकी वर्षं अडलं होतं कुठे? चार्जिंग करताना बॅटरीतले लिथियमचे आयन द्रवातून वाट काढत ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. बसायला वेळ लागतो. घाई केली की ते बाहेरच साचतात आणि पृष्ठभागावर धातूचा मुलामा चढतो. त्यातलं बरंचसं लिथियम कायमचं वाया जातं. कधी त्याला सुया फुटून आतल्या आत शॉर्टसर्किटही होतं. ८० टक्क्यांनंतर चार्जिंग रेंगाळतं ते यामुळेच. थर भरत आले की नव्या आयनांना जागा सापडेना होते.

भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून इथे फास्ट चार्जिंग नकोच, असं अनेकांना वाटतं. पण हा मुलामा चढण्याचा धोका थंडीत जास्त असतो, कारण उष्णतेत आयन चपळ होतात. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठातल्या चाओ-यांग वांग यांच्या गटाने २०१९ मध्ये बॅटरी मुद्दाम ६० अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटांत चार्ज केली. मात्र ती तापलेली ठेवली फक्त तेवढाच वेळ. तासन्‌तास गरम राहिली की बॅटरी लवकर म्हातारी होते. तेव्हा आपल्याकडे चार्जरपेक्षा दुपारभर उन्हात उभ्या गाडीची काळजी जास्त करावी.

ग्राफाइटऐवजी टायटॅनेट वापरलेली बॅटरी झटपट भरते, पण त्याच वजनात वीज कमी मावते. सिलिकॉन भरपूर लिथियम घेतं, पण फुगतं.

माझ्या मते खरी अडचण तारेत आहे. ६० युनिटची बॅटरी १० वरून ८० टक्क्यांवर न्यायला ४२ युनिट लागतात. ६० किलोवॉटच्या चार्जरवर पाऊण तास. तेच पाच मिनिटांत हवं, तर ५०० किलोवॉट! रावेर-यावलच्या केळीबागांतल्या ५ एचपीच्या सव्वाशेहून जास्त मोटारी एकदम सुरू केल्यासारखा हा लोड, तोही एका गाडीचा. गावची डीपी तो कुठून पेलणार? त्यावर उपाय म्हणजे स्टेशनवरच मोठी बॅटरी ठेवायची, ती दिवसभर सावकाश भरायची आणि गाडी आली की झटक्यात रिकामी करायची. दिवसा भरायला सूर्य आहेच. साक्रीला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प केव्हाचा उभा आहे. असं स्टेशन आधी धुळ्यात परवडेल. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग तिथेच एकमेकांना छेदतात.