निकी हॉपकिन्सचा एलपी मागवताय? आधी कुठला 'एडवर्ड' ते सांगा

आपल्याकडून जुने फॉरेन एलपी मागवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितोय, कारण एकच घोळ परत परत होतो आणि त्यात तुमचेही आठ दिवस जातात, आमचेही. मेसेज येतो, "निकी हॉपकिन्सचा तो एडवर्डवाला पाठवा". निकी म्हणजे इंग्लंडचा पियानोवादक. आम्ही 'जॅमिंग विथ एडवर्ड' पाठवतो आणि चौथ्या दिवशी फोन, अहो हे काय पाठवलंत, यात धड गाणी कुठायत?

तुम्हाला हवा असतो तो 1973 चा 'द टिन मॅन वॉज अ ड्रीमर', निकीचा स्वतःचा सोलो अल्बम. त्यात पहिल्याच बाजूला 'एडवर्ड' नावाचा ट्रॅक आहे, आणि तोच कुठेतरी ऐकून लोक नाव लक्षात ठेवतात. 'जॅमिंग विथ एडवर्ड' 1972 ला आला, पण वाजवलाय 1969 मध्ये लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत, रोलिंग स्टोन्स या बँडच्या 'लेट इट ब्लीड' अल्बमचं काम चालू असताना. त्यांचा गिटारिस्ट कीथ रिचर्ड्स नव्हता, मग स्टोन्सचे जॅगर, वायमन, वॉट्स, गिटारिस्ट राय कूडर आणि निकी नुसते वाजवत बसले, टेप चालू होती. कव्हरवर जॅगरने स्वतःच लिहिलंय की आम्ही हे रेकॉर्ड करायला जितका वेळ घातला त्यापेक्षा तुम्ही ऐकायला जास्त घालाल अशी आशा आहे. स्टोन्सवेड्यांनी जरूर घ्यावा, मजा आहे त्यात, पण तो निकीचा सोलो नाही. त्यात भर म्हणजे क्विकसिल्व्हर मेसेंजर सर्व्हिस या बँडच्या 'शेडी ग्रोव्ह' अल्बमवरही निकीचा एक 'एडवर्ड' आहे, 'एडवर्ड, द मॅड शर्ट ग्राइंडर'. एडवर्ड हे निकीचं टोपणनाव. स्टोन्सचा ब्रायन जोन्स गिटार ट्यून करताना निकीकडे ई हा सूर मागत होता, गोंगाटात ऐकू जाईना म्हणून 'ई फॉर एडवर्ड' ओरडला आणि ते नाव चिकटलं, असं सांगतात. आणि 1966 चा 'द रिव्होल्यूशनरी पियानो ऑफ निकी हॉपकिन्स' आहे तो अजून वेगळा, निर्माता शेल टॅल्मीने काढलेला पियानोच्या धुनांचा, तोही लोक सोलो सोलो म्हणून मागवतात.

तर ऑर्डर देताना अल्बमचं पूर्ण नाव आणि साल लिहा, एवढंच. किंवा कव्हरचा फोटो टाका. आम्ही उलट फोन करून विचारतो तेव्हा काही जणांना राग येतो, की मी सांगितलंय ना एकदा. पण एलपी परत येताना कुरिअरच्या गाडीत उन्हात पडून राहिला तर त्याला बाक येतो आणि मग तो ना तुमच्या कामाचा ना आमच्या, म्हणून चुकीच्या नावाने मागवलेला माल आम्ही परत घेत नाही. याला कडक नियम म्हणा, पण पन्नास वर्षं टिकलेली वस्तू दोन फेऱ्यांत वाया जाताना बघवत नाही.

'टिन मॅन'बद्दल दुसरा प्रश्न नेहमीचा, "यात बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन वाजवतो म्हणतात, पण कव्हरवर त्याचं नाव नाही, कॉपी आहे का?" नाही. जॉर्ज ओहारा असं छापलंय ना, तोच तो. दुसऱ्या कंपनीशी करार असला की वादक असं वेगळं नाव देत. शिवाय गिटारवर मिक टेलर, बेसवर क्लाउस फूरमन, सॅक्सोफोनवर बॉबी कीज आहेत, आणि निर्मितीत निकीबरोबर गायक नील यंगचा निर्माता डेव्हिड ब्रिग्ज. अमेरिकन प्रतीवर कोलंबियाचं लेबल, ब्रिटिशवर सीबीएसचं, दोन्ही ओरिजिनल.

हा अल्बम मी इतका का पुढे करतो तेही सांगतो. स्टोन्सच्या 'शीज अ रेनबो'चा पियानो, बीटल्सच्या 'रेव्होल्यूशन'मधला इलेक्ट्रिक पियानो, लेननच्या 'जेलस गाय'मधला, सगळा या एकाच माणसाचा. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला, पण 1963-64 मध्ये जवळजवळ दीड वर्ष हॉस्पिटलात काढलं, नंतरही तब्येत साथ देत नव्हती, दौऱ्यांपेक्षा स्टुडिओ बरा पडायचा म्हणून सेशनला बसला आणि दुसऱ्यांची गाणी सजवत राहिला. किंक्स या बँडने तर 'सेशन मॅन' हे गाणंच केलं 1966 मध्ये, त्यावरही वाजवायला हाच! आणि 'टिन मॅन'वर हा माणूस स्वतः गातो. आवाज मोठा नाही, पातळ आहे, पण पियानो त्याच्या गळ्याला सांभाळून घेत चालतो ते ऐकताना मला दर वेळी भरून येतं.

सध्या दोन प्रती आहेत, दोन्ही धुऊन, दोन्ही बाजू पूर्ण वाजवून बघितलेल्या, नवीन इनर स्लीव्हमध्ये. एकीच्या कव्हरचा कोपरा दबलाय, ती थोडी स्वस्त देऊ. 'जॅमिंग' पण एक आहे, दोन्ही मिळून घेतलेत तर कुरिअर आमच्याकडून. संध्याकाळी फोन केलात तर मी टर्नटेबलपाशीच असतो, पहिली बाजू लावून फोनवर ऐकवतो, मग ठरवा.