जेफरसन काउंटी: सोन्याच्या धावपळीत उभा राहिलेला बिनसरकारी जिल्हा

आज अमेरिकेत डेन्व्हरला लागूनच कोलोरॅडोची जेफरसन काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा. ती पहिल्यांदा 1859 मध्ये उभी राहिली तेव्हा तिला कायद्याचा आधारच नव्हता, कारण ती ज्या जेफरसन टेरिटरीत (टेरिटरी म्हणजे अजून राज्य न झालेला प्रदेश) होती त्या टेरिटरीला अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कधी मान्यताच दिली नाही.

सुरुवात 1858 च्या उन्हाळ्यात झाली. जॉर्जियातून आलेल्या विल्यम ग्रीन रसेलच्या टोळीला आजच्या डेन्व्हरजवळच्या ओढ्यात थोडं सोनं मिळालं, बातमी पूर्वेकडे पोचेपर्यंत फुगत गेली आणि पुढच्या वर्षी माणसांचे लोंढे सुरू झाले. मे 1859 मध्ये जॉन ग्रेगरीला डोंगरात खडकातली सोन्याची शीर सापडली, मग तर कुणालाच धीर धरवेना.

हा सगळा भाग कागदोपत्री मुख्यतः कॅन्सस टेरिटरीच्या अरापाहो काउंटीत यायचा. 1855 साली नकाशावर आखलेली अवाढव्य काउंटी, पण तिथे ना कोर्ट, ना ऑफिस, आणि कॅन्ससची राजधानी नऊशे किलोमीटरच्या आसपास लांब. तिथे नवं गाव वसवणाऱ्या विल्यम लॅरिमरने तर त्या गावाला कॅन्ससचे गव्हर्नर जेम्स डेन्व्हर यांचं नाव दिलं, म्हणजे तेच जिल्ह्याचं मुख्य ठाणं होईल, पण डेन्व्हरसाहेब तोवर पद सोडून गेले होते. 1859 मध्ये कॅन्ससने ही काउंटी तोडून माँटाना, ओरो, ब्रॉडरिक, फ्रीमाँट अशा नव्या काउंट्या केल्या, त्याही बहुतेक कागदावरच राहिल्या.

मग ऑक्टोबर 1859 मध्ये लोकांनी मतदान करून स्वतःचंच सरकार उभं केलं. रॉबर्ट स्टील गव्हर्नर झाले, सभागृह भरलं आणि डझनभर काउंट्या जाहीर झाल्या, त्यातलीच एक जेफरसन, ठाणं गोल्डन सिटी. पुढे टेरिटरीची राजधानीसुद्धा डेन्व्हरहून गोल्डनला गेली.

पण गाडं अडलं पैशावर. सरकारने माणशी एक डॉलर टॅक्स लावला आणि खाणीवरच्या शेकडो लोकांनी तो देणार नाही असं लिहून सह्या केल्या. मला यात त्यांचा हट्ट वाटत नाही, कारण त्यांचं रोजचं काम ज्या व्यवस्थेवर चालायचं ती आधीच उभी होती. ग्रेगरीच्या भागात जून 1859 मध्येच सभा घेऊन नियम ठरले होते: शिरेवरचा क्लेम (म्हणजे एका माणसाने खणायला आपला म्हणून ठरवलेला तुकडा) शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद, आणि विकत घेतला नाही तर एका प्रकारचा एकच. क्लेमची नोंद करायला त्यांचाच कारकून, भांडण झालं तर खाणवाल्यांचंच कोर्ट, वर खून झाला तर गावाचं लोककोर्ट बसायचं आणि फाशीही द्यायचं. या सगळ्यावर आणखी एक सरकार कशाला पोसायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

आणि मुळात जमीन कुणाची? 1851 च्या फोर्ट लॅरामी तहात अमेरिकेनेच डेन्व्हरचा हा परिसर शायान आणि अरापाहो या मूळ रहिवासी लोकांचा म्हणून मान्य केला होता. म्हणजे कॅन्ससची काउंटी काय नि जेफरसनची काय, दोन्ही दुसऱ्याच्या घरात मांडलेल्या. त्या लोकांना विचारून यातलं काहीच झालं नाही, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात जड गोष्ट हीच आहे. 18 फेब्रुवारी 1861 ला मोजक्या सरदारांच्या सह्या घेऊन फोर्ट वाइजचा तह झाला आणि त्यांच्याकडची बहुतेक जमीन गेली.

त्यानंतर दहाच दिवसांत, 28 फेब्रुवारीला, कोलोरॅडो टेरिटरी अधिकृतपणे झाली, कारण दक्षिणेची राज्यं अमेरिकेतून बाहेर पडल्यामुळे काँग्रेसमधला त्यांचा अडथळा गेला होता. जूनमध्ये स्टील यांनी आपलं सरकार बरखास्त केलं. 1 नोव्हेंबर 1861 ला नव्या सभागृहाने 17 काउंट्या आखल्या, त्यात जेफरसनचं नाव तसंच ठेवलं, ठाणंही गोल्डनलाच, आणि खाणवाल्यांनी आपापल्या वह्यांत नोंदवलेले क्लेमसुद्धा नव्या कायद्याने ग्राह्य धरले.