बॉम्बचा विटाळ

१६ मार्च १९५५ रोजी एका पत्रकार परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना प्रश्न आला, पूर्व आशियात युद्ध पेटलेच तर छोटी अण्वस्त्रे वापरणार का? लष्करी लक्ष्यांपुरती असतील तर बंदुकीच्या गोळीसारखीच तीही का वापरू नयेत, असे उत्तर त्यांनी दिले. आज अण्वस्त्रांची धमकी देणारे नेते आहेतच, पण बॉम्बला गोळीच्या पंगतीत बसवायला सहसा कोणी धजत नाही. आणि नागासाकीनंतर युद्धात एकही अणुबॉम्ब पडलेला नाही.

असे का झाले, याचे वास्तववादी, म्हणजे देशांचे वागणे बळाच्या हिशेबानेच ठरते असे मानणाऱ्या, अभ्यासकांकडे ठरलेले उत्तर आहे: समोरचाही उलटून टाकेल ही भीती. ते बरेचसे खरे आहे, पण पुरत नाही. उत्तर व्हिएतनामकडे बॉम्ब नव्हता. त्याच्या पाठीशी सोव्हिएत संघ आणि चीन होते हे खरे, तरी तिथे हात पोळून घेणाऱ्या अमेरिकेने बॉम्ब काढला नाही, याचा उलगडा केवळ भीतीने होत नाही. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवले, तेव्हा तर ब्रिटनची अण्वस्त्रे त्याने खिजगणतीतही धरली नव्हती. निना टॅनेनवाल्ड या अमेरिकी अभ्यासिकेने याचा माग काढला आणि ‘टॅबू’ हा शब्द वापरला. मराठीत त्याला विटाळ म्हणता येईल. वापरता येते, पण हात लावायचा नाही.

हा विचार रचनावादाच्या घरातला, म्हणजे देशांचे नियम आणि नाती आपसांतल्या व्यवहारातून घडतात असे मानणारा. शिक्षक मंडळींना ज्ञानरचनावाद ठाऊक असतो. हा त्याचा दूरचा चुलतभाऊ. आंतरराष्ट्रीय राजकारणात हे नाव निकोलस ओनफ यांनी १९८९ मध्ये रुजवले, आणि १९९२ मध्ये अलेक्झांडर वेंट यांच्या लेखाने ते गाजले. देशांच्या डोक्यावर कोणी पोलीसपाटील नाही, म्हणून प्रत्येकाने प्रत्येकाला घाबरलेच पाहिजे, हे वेंट यांना मान्य नव्हते. त्या अराजकाचा अर्थ देश आपसांतल्या वागण्यातून ठरवतात. त्यांचे उदाहरण फार बोलके आहे: ब्रिटनची ५०० अण्वस्त्रे अमेरिकेला जितकी घाबरवत नाहीत, तितकी उत्तर कोरियाची ५ घाबरवतात. शस्त्र तेच, नाते वेगळे.

मला हा विचार पटतो, पण एक खडा दाताखाली येतोच. आयझेनहॉवर गोळीची उपमा देत होते त्याच्या वर्षभर आधी, १ मार्च १९५४ ला, अमेरिकेने मार्शल बेटांवर ‘ब्राव्हो’ हा १५ मेगाटनांचा स्फोट केला होता. हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. त्याची राख राँगेलाप बेटावरच्या लोकांवर पडली. त्यांना दोन दिवसांनी हलवले, १९५७ मध्ये सुरक्षित आहे म्हणून परत आणले, आणि १९८५ मध्ये ते स्वतःच बेट सोडून गेले. त्या बेटसमूहात १९४६ ते १९५८ या काळात ६७ चाचण्या झाल्या. सोव्हिएत चाचण्या कझाकस्तानच्या गवताळ माळावर, फ्रान्सच्या आधी अल्जेरियाच्या वाळवंटात, मग पॉलिनेशियात. मोठ्या शहरांवर बॉम्ब टाकणे निषिद्ध ठरत होते, त्याच काळात ही माणसे किरणोत्सार अंगावर झेलत होती.

इथे चिकित्सक परंपरेतले, म्हणजे व्यवस्था कोणाच्या फायद्याची हे विचारणारे, लोक मध्ये पडतात. सिद्धान्त नेहमी कोणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो, असे त्यांच्यातल्या रॉबर्ट कॉक्स या अभ्यासकाने १९८१ मध्येच म्हटले होते. विटाळ ठरवणारा कोण आणि तो भोगणारा कोण, हा प्रश्न मराठी वाचकाला काही नवा नाही. अण्वस्त्र प्रसारबंदी करारातही तो आहे: १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला तेवढेच कायदेशीर अण्वस्त्रधारी. भारताची पहिली पोखरण चाचणी १९७४ ची, म्हणजे आपण उंबऱ्याबाहेर. १९९८ च्या चाचण्यांनंतर जसवंतसिंहांनी या व्यवस्थेला आण्विक वर्णद्वेष म्हटले.

पुढे २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अण्वस्त्रांवर सरसकट बंदी घालणारा करार १२२ मतांनी संमत झाला. त्याच्या प्रस्तावनेत हिरोशिमा-नागासाकीच्या पीडितांबरोबर चाचण्यांनी बाधित झालेल्यांचाही उल्लेख आहे. ज्यांच्याकडे बॉम्ब आहेत त्या नऊपैकी एकही देश त्या वाटाघाटींना बसला नाही. न बसलेल्यांत भारतही होता.