समुद्रजलाचे निःक्षारीकरण
समुद्राच्या पाण्यातले क्षार काढून ते पिण्याजोगे करण्याची प्रक्रिया. एक लिटर समुद्रजलात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे चहाचे सहाएक चमचे मीठ. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असणे इष्ट.

तत्त्व बडोदेकरांना ओट्यावरच समजेल. दांडिया बाजारातल्या कुठल्याही घरी आरओच्या यंत्राची बारीक नळी बादलीत सोडलेली दिसते. यंत्रातला अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा गोडे पाणी पुढे जाऊ देतो, क्षार मागे ठेवतो; मागे उरलेले खारट पाणी या नळीतून येते. त्याने लादी पुसतात. समुद्राकाठच्या प्रकल्पातही पडदा तसाच, पण खारेपणा इतका की पाणी त्यातून रेटायला वातावरणाच्या ५५ ते ७० पट दाब लागतो. शंभर लिटरमागे चाळीस-पंचेचाळीस लिटर गोडे पाणी हाती येते. उरलेल्याचा खारेपणा जवळजवळ दुप्पट होतो. त्याने लादीसुद्धा पुसता येत नाही. ते समुद्रातच सोडतात, आणि नीट विरले नाही तर तळाच्या जीवसृष्टीला बाधते. हजार लिटर गोड्या पाण्यामागे साधारण ३ ते ४ युनिट वीज जाते. खर्चाचा मोठा वाटा तोच. तयार पाणी फार 'हलके', म्हणजे खनिजे जवळजवळ नसलेले असते, नळ कुरतडते, म्हणून त्यात चुना मिसळावा लागतो.

खुद्द बडोद्याला याची गरज पडली नाही. सयाजीराव गायकवाडांच्या काळात बांधलेल्या आजवा तलावाचे पाणी उताराने शहरात येते, शिवाय मही नदी आहे. पण गायकवाडीचाच एक तुकडा, द्वारका-ओखा असलेले ओखामंडळ, तीन बाजूंनी समुद्र आणि पाऊस जेमतेम, असा होता. निःक्षारीकरण शोभते ते अशाच मुलखाला. गुजरातेत या पडद्यांवर दीर्घकाळ काम करणारी संस्था म्हणजे भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था (स्थापना १९५४).

भारतातला पहिला मोठा शहरी प्रकल्प चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० मध्ये सुरू झाला. क्षमता दिवसाला १० कोटी लिटर. लक्षद्वीपातल्या कवरत्तीला २००५ पासून पडद्याविना काम चालते. पृष्ठभागावरचे कोमट पाणी कमी दाबात वाफ होते, आणि शेकडो मीटर खोलीवरून ओढलेले गार पाणी त्या वाफेचे पुन्हा पाणी करते. क्षमता रोज सुमारे १ लाख लिटर.