कोराडीचे पांढरे लोट आणि अनुमानाचे नियम

नागपूरहून छिंदवाडा रोडने निघालं की कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रातून पांढरे लोट उठताना दिसतात. ‘केवढा धूर! म्हणजे आत जाळ असणारच,’ असं गाडीत कोणीतरी म्हणतंच. न्याय या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतलं जुनं अनुमान हेच आहे: पर्वतावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे.

अनुमान तपासताना तर्कशास्त्राचा प्रश्न एवढाच असतो: आधाराची विधानं खरी धरली, तर निष्कर्ष खोटा निघू शकतो का? ‘धूर असेल तर आग असते. धूर आहे. म्हणून आग आहे.’ इथे तो खोटा निघूच शकत नाही, म्हणून अनुमान वैध. ‘आग नाही, म्हणून धूर नाही’ हेही वैध. मात्र ‘आग आहे, म्हणून धूर आहे’ असं उलटवलं की गाडी रुळावरून घसरली. नैयायिकांनी, म्हणजे न्यायपरंपरेतल्या पंडितांनी, त्यासाठी तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवला: आग आहे, धूर नाही. असं एक उदाहरण पुरे होतं. ‘धूर नाही, म्हणून आग नाही’ हेही त्याच गोळ्याने निकालात निघतं. पानठेल्यावरचे निम्मे वाद या दोन चुकांवर चालतात, असा माझा संशय आहे.

आता कोराडीची गंमत. पांढरे लोट ज्यांतून निघतात ते रुंद मनोरे पाणी थंड करण्याचे. त्यांतून निघते ती वाफ. धूर जातो उंच, सडपातळ चिमण्यांतून. म्हणजे अनुमान वैध, आधार खोटा आणि निष्कर्ष तरीही खरा, कारण बॉयलरमध्ये कोळसा जळतोच आहे! वाफेला धूर समजण्याच्या या दोषालाही नैयायिकांनी नाव दिलं होतं: असिद्ध हेतू, म्हणजे दिलेलं कारणच तिथे नसणं.

दोन विधानं असतील तर खऱ्या-खोट्याच्या चार शक्यता मांडून तपासता येतं. वीस असतील तर 10,48,576 शक्यता. म्हणून नियम लागतात, इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ क्रिसिपसने अनुमानाचे असे पाच मूलभूत साचे मांडले होते.

समजा, नोव्हेंबरात नागपूरच्या कळमना बाजारात संत्री आली. ती आंबिया किंवा मृग बहाराची (बहार म्हणजे झाडाला फुलं येण्याचा हंगाम). मृगाची असती तर फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास आली असती. तशी आली नाहीत, म्हणून मृगाची नाहीत. म्हणून आंबियाची. दोन पायऱ्या, दोन्ही वैध. कोणी हस्त या तिसऱ्या बहाराचं नाव काढलं, तर मात्र ‘किंवा’ असलेलं पहिलं विधान पुन्हा तपासावं लागेल. पायऱ्यांना धक्का लागत नाही.